‘युलिसिस’सारखी कादंबरी नभोनाट्यात आणता येते का?

येते, आणि तीही एक शब्द न गाळता. कादंबरीचा लेखक जेम्स जॉइस याच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, १६ जून १९८२ रोजी, आयर्लंडच्या आरटीई रेडिओने संपूर्ण ‘युलिसिस’चे नाट्यवाचन सलग प्रसारित केले आणि ते जवळजवळ ३० तास चालले. बीबीसी रेडिओ ४ ने २०१२ मध्ये मात्र संक्षिप्त रूपांतराचा मार्ग निवडला.

खरी अडचण लांबीची नसून आवाजाची आहे. या कादंबरीत निवेदन, प्रत्यक्ष बोलणे आणि मनातला विचार एकाच परिच्छेदात, अनेकदा एकाच ओळीत, सरमिसळ होऊन येतात. वाचकाला संवादापूर्वीची आडवी रेघ दिसते, श्रोत्याला ती दिसत नाही. म्हणून नायक ब्लूमचा विचार मायक्रोफोनच्या अगदी जवळून, हलक्या आवाजात, आणि त्याचे बोलणे थोडे दुरून, रस्त्याच्या किंवा खोलीच्या घुमाऱ्यासह ध्वनिमुद्रित करावे. निवेदकाचा आवाज तिसराच असावा, पण त्याने विचाराच्या मध्ये येऊन स्पष्टीकरण देऊ नये.

काही प्रकरणे तर जणू रेडिओसाठीच लिहिली आहेत, उदाहरणार्थ संगीताच्या रचनेवर बेतलेले ‘सायरन्स’ किंवा प्रश्नोत्तरांत चालणारे ‘इथाका’. वृत्तपत्राच्या मथळ्यांनी तुकडे पाडलेले ‘ईओलस’ कठीण, कारण मथळा ही डोळ्यांनी पाहायची गोष्ट आहे. ब्लूमची पत्नी मॉली हिच्या अखेरच्या, जवळपास विरामचिन्हरहित स्वगताला पार्श्वसंगीत देण्याचा मोह माझ्या मते टाळावा. तिथे अभिनेत्रीचा श्वास हेच विरामचिन्ह असते.