काटा लाव, आकडा मोठ्यानं सांग

पोरी,

तुझा मेसेज काल रात्री अकराला आला. शनिवारी रात्री लेट मॉडेल गाड्यांची रेस आणि त्याच शनिवारी सकाळी अटलांटाला सिनेमाचं शूटिंग. एका दिवसाच्या चेकमध्ये टायरांचे किती संच येतात याचा हिशोबही तू मांडलायस. मग प्रश्न : ‘काका, रेसर राहू की स्टंटमध्ये जाऊ?’ आणि त्याच्याखाली, जाता जाता लिहिल्यासारखी एक ओळ : पाइप रॅम्पवर एका बाजूची चाकं चढवून गाडी उलटवायची आहे, स्टंट कोऑर्डिनेटर म्हणालाय, ‘पंचेचाळीस मैलांनी घे, बाकीचं आम्ही बघतो.’

तुझा प्रश्न वाचून मी दिवा मालवला होता. मग ती खालची ओळ आठवली, आणि अडीच वाजेपर्यंत स्वयंपाकघरात चहा करत बसलो.

रॅम्प किती उंच आहे? गाडी कुठली? ड्रायव्हरभोवतीचा लोखंडी पिंजरा कुणी वेल्ड केलाय? तुझ्यासकट गाडीचं वजन किती? टाकीत पेट्रोल किती ठेवणार? यातलं एकही तू विचारलेलं नाहीस, कारण विचारलं असतंस तर लिहिलं असतंस. मी तुला ओळखतो. टायरमधलं अर्धा पौंड प्रेशर तू मला तीन परिच्छेदांत लिहून कळवतेस.

माझे वडील कोल्हापूरच्या गुळाच्या बाजारात तोलाईदार होते, हे तू ऐकलंयस. पुढचं ऐकलेलं नाहीस. रवा, म्हणजे गुळाची ढेप, काट्यावर चढला की ते आकडा मोठ्यानं सांगायचे, पार रस्त्यावर ऐकू जाईल असा. अडत्याला ते आवडायचं नाही. ‘हळू सांगा की, वहीत लिहितोयच,’ म्हणायचा. वडील म्हणायचे, शेतकरी त्या तिथं बैलाजवळ उभा आहे, त्याला ऐकू गेलं पाहिजे. मनातल्या मनात वाचलेला आकडा म्हणजे न तोललेला माल. काटा लाव आणि आकडा मोठ्यानं सांग. मला आयुष्यात शिकवलं गेलेलं एवढंच, आणि तेही मी एकदा मोडलं. त्याच्याकडे येतो.

रेसर की स्टंटवाली, हा प्रश्न मला खरंच कळत नाही. या धंद्यात ती दोन घरं कधीच वेगळी नव्हती. हॅल नीडम बघ. स्वतः स्टंटमन, मग दिग्दर्शक, आणि नास्कारमध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या मोठ्या स्टॉक कार रेसमध्ये, हॅरी गँट चालवायचा ती 33 नंबरची गाडी त्याच्याच टीमची. आयुष्यात 56 हाडं मोडली, पाठ दोनदा. आणि याच माणसाचं नाव टेलिमेट्री, म्हणजे धावत्या गाडीतले आकडे बाहेर बसून वाचायची सोय, नास्कारमध्ये आणणारा म्हणून घेतात. हाडं मोडून घेतलेल्या माणसालाच काट्याची किंमत कळते. त्याचा ड्रायव्हर स्टॅन बॅरेट हाही स्टंटमन आणि नास्कारमधलाही. मुलगा स्टॅन्टननं पुढं दोन्ही चालवलं. म्हणजे घराणंच म्हण.

पण त्या स्टॅन बॅरेटचीच गोष्ट नीट ऐक. डिसेंबर 1979, कॅलिफोर्नियातला एडवर्ड्स हवाई तळ, रॉकेट लावलेली तीन चाकांची गाडी. दावा असा की जमिनीवर ध्वनीचा वेग ओलांडला. माणूस जिवावर उदार होऊन बसला होता, यात कुणाला शंका नाही. पण विक्रमाच्या नियमाप्रमाणे तासाभरात दोन्ही दिशांनी धाव झाली नाही, आणि वेग कसा मोजला यावर आजही वाद आहेत. विक्रम म्हणून तो कधी धरलाच गेला नाही. 1997 साली अँडी ग्रीननं नेवाडाच्या वाळवंटात दोन्ही बाजूंनी मोजून तीच गोष्ट केली आणि वाद मिटला. मला बॅरेटचं फार वाईट वाटतं. कदाचित त्यानं केलंही असेल. काटाच नीट लागला नाही, मग बोंबलत बस.

आता उलटं उदाहरण. 1974 च्या बॉन्डपटात गाडी मोडक्या पुलावरून उडते, हवेत गोल फिरते आणि पलीकडे चाकांवर उतरते. लोक म्हणतात काय धाडस! धाडस कसलं? ती उडी बफेलोच्या एका प्रयोगशाळेत कॉम्प्युटरवर मांडली होती, त्या काळातल्या कॉम्प्युटरवर. वजन दोन्ही बाजूंना सारखं पडावं म्हणून स्टिअरिंग गाडीच्या मधोमध आणलं. वेग ताशी 40 मैल, तू गल्लीत चालवतेस त्याहून थोडा जास्त. एकाच टेकमध्ये काम झालं. पुढं त्यावर शिट्टीचा विनोदी आवाज चिकटवला, तो भाग सोड.

ट्रॅकवर हे तुला येतं गं. चारही चाकांखाली काटे ठेवून आपण क्रॉस वेट, म्हणजे तिरक्या कोपऱ्यांवरच्या वजनाचा तोल, काढतो, तेव्हा तू स्वतः हेल्मेट घालून सीटवर बसतेस, कारण तुझ्याशिवाय काढलेला आकडा खोटा. मागच्या काचेतून लांब पाना घालून वेजचा, म्हणजे स्प्रिंगवरचा दाब बदलणाऱ्या स्क्रूचा, अर्धा फेरा दिला तर तिसऱ्या वळणावर गाडी वेगळी वागते, हे तू मला सांगतेस. मग सिनेमाच्या सेटवर गेल्यावर हे सगळं ट्रेलरमध्ये ठेवून जायचं असं कुणी सांगितलं? तिथं कॅमेरे असतात म्हणून गाडीचं वजन बदलत नाही.

बदलतं. तेच सांगायचंय.

1994. मी एका छोट्या रेस शॉपमध्ये चॅसीचं काम करायचो, आणि शॉपला अधूनमधून सिनेमाच्या गाड्या तयार करायचं काम मिळायचं. त्या वेळी पोलिसांतून निवृत्त झालेली एक कॅप्रीस गाडी होती. साधी उडी, रॅम्पवरून मातीच्या ढिगापलीकडे. ड्रायव्हर माझा मित्र, आपल्यासारखाच शनिवारचा रेसर. पुढं व्ही-8 इंजिन असलेली गाडी हवेत गेली की नाक खाली घालते, म्हणून डिकीत वजन ठेवावं लागतं. 1978 साली जॉर्जियात ‘ड्यूक्स ऑफ हॅझर्ड’ या टीव्ही मालिकेतल्या केशरी चार्जर गाडीनं जी पहिली 82 फुटांची उडी मारली, तिच्याही डिकीत वजन होतंच, आणि तरीही ती गाडी पुन्हा कामाची राहिली नाही. आम्ही वाळूच्या पिशव्या ठेवल्या. सकाळी मी गाडी काट्यावर घेतली, आकडे वहीत लिहिले, मोठ्यानं वाचले. सगळं रीतसर.

दुपारी वारा सुटला. लाइटवाल्या पोरांना स्टँड दाबायला वजन हवं होतं. डिकी उघडीच होती. त्यांनी 35 पौंडांच्या 6 पिशव्या उचलल्या. त्यांचा काय दोष? त्यांच्या दृष्टीनं वाळूची पिशवी म्हणजे वाळूची पिशवी.

संध्याकाळी ऊन उतरायला लागलं, सगळे घाईत. मी शेवटचा हात फिरवायला गाडीभोवती गेलो. मागच्या टायरच्या वर, फेंडरच्या खाली मी नेहमी बोटं घालून बघतो, तुला माहीत आहे ती माझी सवय. सकाळी तीन बोटं जात होती. आता चार गेली. करंगळीसुद्धा, आरामात.

मी हात काढून घेतला आणि पुसला. फडकं लाल होतं, ते आठवतं.

मी बोललो नाही. का नाही बोललो याची माझ्याकडे यादी आहे, तीस वर्षं घासूनपुसून ठेवलेली. ग्रीन कार्डचा अर्ज शॉपच्या मालकाच्या सहीवर होता. सेटवर माझ्या उच्चाराला हसून झालं होतं. जमीन उतरती असेल, म्हणून मागचं उंच लागत असेल. मी मेकॅनिक, शेवटचा शब्द माझा नव्हता. आणि खरं सांगू, गाडीत बसण्याआधी ड्रायव्हरनंही डिकी उघडून बघायला हवी होती, तो काही नवखा नव्हता. बघ, अजूनही तेच चाललंय माझं.

गाडी नाकावर उतरली. कमरेचा मणका गेला. चालतो तो, पण रेसिंग त्या दिवशी संपलं. दर ख्रिसमसला फोन करतो. चार बोटांचं मी त्याला अकरा वर्षांनी सांगितलं. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, ‘रॅम्पकडे निघालो तेव्हाच मागून हलकी लागली होती रे. वाटलं, तू तपासली आहेस.’

म्हणजे दोघांना आकडा माहीत होता. दोघांनी मनातल्या मनात वाचला.

म्हणून ‘बाकीचं आम्ही बघतो’ या वाक्याची मला शिसारी आहे. तुझा कोऑर्डिनेटर वाईट माणूस नसेल. चांगला असेल, माझ्याहून हुशार असेल. माझं म्हणणं त्याच्याबद्दल नाहीच. दुसऱ्यानं तोललेल्या काट्यावर तू बसायचं नाहीस, एवढंच. त्याचा आकडा घे, तुझा आकडा काढ, दोन्ही मोठ्यानं म्हणा. जुळले तर बेल्ट आवळ.

तू म्हणशील, काका, असे प्रश्न विचारले तर पुन्हा बोलावणार नाहीत. नाही बोलावणार कदाचित. मग? नास्कारमध्ये 2000 साली एका वर्षात तीन पोरं गेली, त्यांत नास्कारचे दिग्गज रिचर्ड पेटी यांचा नातू होता, एकोणीस वर्षांचा. हान्स, म्हणजे डोकं आणि मान धरून ठेवणारं ते खांद्यावरचं उपकरण, तेव्हाही मिळत होतं. मिशिगनच्या हबर्ड नावाच्या प्राध्यापकांनी आणि त्यांच्या रेसर मेहुण्यानं ऐंशीच्या दशकातच करून ठेवलं होतं, डोकं पुढं फेकलं जातं तेव्हा मानेवर किती ताण येतो ते मोजून. आकडा कागदावर होता. पण अवघडल्यासारखं होतं, नीट वळून बघता येत नाही, म्हणून बहुतेकांनी घातलं नाही. 18 फेब्रुवारी 2001 ला डेटोनाच्या रेसच्या शेवटच्या फेरीत नास्कारचा सगळ्यात मोठा ड्रायव्हर डेल अर्नहार्ट भिंतीवर गेला. मी शॉपमध्ये टीव्हीसमोर उभा होतो. दिसायला अपघात काहीच नव्हता, आम्हाला वाटलं आता खिडकीची जाळी खाली येईल, ड्रायव्हर ठीक असल्याची ती खूण. आली नाही. ऑक्टोबरात नास्कारनं तसं उपकरण सक्तीचं केलं. तोवर कुणीच मोठ्यानं बोलत नव्हतं असं नाही, पण ज्यांनी ऐकायचं ते बैलाजवळ उभे होते आणि आवाज तिथवर पोचत नव्हता.

आज तू हान्स न घालता पिटमधून बाहेर पडलीस तर तुलाच उघडं वाटेल. तसंच हेही होईल. चार वेळा विचारशील, दोघं नाक मुरडतील, पाचव्या वेळी ते आपणहून तुला वजनाचा कागद आणून देतील. नाही दिला तर तिथं तुझं काम नव्हतं.

आणि हो, रेसचं. शनिवारी दोन्ही करायचा तुझा बेत मूर्खपणाचा आहे. सकाळी गाडी उलटवून, चार तास ड्राइव्ह करून, रात्री रेस? गाडी उलटताना हिसकलेली मान संध्याकाळी दुखत नाही, दुसऱ्या दिवशी दुखते. एक निवड. कुठलं निवडशील ते मी सांगणार नाही. तुझ्या आईनं माझ्याकडून ‘रेस सोड’ असं वदवून घ्यायचा प्रयत्न केलाय, गणपतीच्या आरतीनंतर, प्रसादाचा द्रोण हातात देऊन. मी मोदक खाल्ले आणि गप्प बसलो. तुझ्याशी मात्र गप्प बसणार नाही, एकदा बसून झालंय.

अटलांटाला जाणार असशील तर मी पहाटे तीनला पिकअप काढतो. काट्याचे चारही पॅड मागं टाकलेत. मला सेटवर सोडणार नाहीत, मी गेटबाहेर थांबेन. पॅड तू आत ने. रॅम्पची उंची, तुझ्यासकट गाडीचं वजन आणि वेग कशावरनं धरलाय, हे तिन्ही मला शुक्रवारी रात्रीपर्यंत लिहून पाठव. फोनवर सांगू नकोस, लिही. डिकीत वाळू असेल तर पिशव्या मोज, झाकणाच्या आतल्या बाजूला खडूनं संख्या लिही, आणि सीटवर बसण्याआधी झाकण उघडून पुन्हा मोज. मोठ्यानं.

तुझा,
काका