माणसाच्या मतावरून त्याचं वागणं सांगता येतं का?

तुम्ही विचारलंय की गावकऱ्यांची मतं घेतली तर ते पुढे कसे वागतील हे सांगता येईल का. येतं, पण मत नेमकं कशाबद्दल विचारलं त्यावर ते अवलंबून आहे.

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या कापूसपट्ट्यात राहतो. २०१७ मध्ये इथं फवारणीच्या विषबाधेनं २० च्या आसपास शेतकरी-मजूर दगावले. आज कोणालाही विचारा, 'फवारताना मास्क, हातमोजे पाहिजेत का?' 'पाहिजेतच,' असं मनापासून सांगतील. आता सप्टेंबरात भरदुपारी वावरात जाऊन पाहा. पराटी (कपाशीचं झाड) छातीला लागलेली, पाठीवर भरलेला पंप, वारा पडलेला. मास्क घामानं भिजतो, चष्म्यावर वाफ धरते. त्यात मजुरी पंपामागे, म्हणजे जितका थांबला तितका पैसा गेला. 'भाऊ, त्याच्यात दम कोंडते,' असं म्हणून मजूर दुपट्टा गुंडाळतो आन् सुरू होतो. अशा माणसाला कोणी ढोंगी म्हटलं की मला राग येतो. विषाची भीती त्यालाही आहे, पण त्या घडीला रोजीचं पारडं जड होतं.

अभ्यासकांनाही हेच आढळलं. १९६९ मध्ये अ‍ॅलन विकर यांनी तोवरचं संशोधन तपासलं, तेव्हा मत आणि कृती यांचा सहसंबंध क्वचितच ०.३० च्या वर गेलेला दिसला (१ म्हणजे तंतोतंत मेळ, ० म्हणजे काहीच नाही). मग मतं विचारण्यात अर्थच नाही, असं काहींना वाटू लागलं. मला ते पटत नाही. १९७९ मध्ये डेव्हिडसन आणि जॅकार्ड यांनी अमेरिकेतल्या विवाहित स्त्रियांना संततिनियमनाबद्दल एकूण मत विचारलं. त्याचा गर्भनिरोधक गोळ्या घेण्याशी सहसंबंध होता जेमतेम ०.०८. 'येत्या दोन वर्षांत तुम्ही स्वतः गोळ्या घेण्याबद्दल काय वाटतं?' असं विचारल्यावर तोच आकडा ०.५७ वर गेला. बायका त्याच, प्रश्न तेवढा नेमका झाला.

मानसशास्त्रज्ञ आइसेक आयझेन यांनी पुढे आणखी एक गोष्ट जोडली: ती कृती माणसाच्या हातात किती आहे? आमच्याकडे ही बाब फार मोठी आहे, कारण पंप मजुराच्या पाठीवर असला तरी मास्क-हातमोज्यांचं किट आणायचं की नाही हे ठरवतो शेतमालक.

म्हणून 'सुरक्षितता महत्त्वाची वाटते का?' हा प्रश्न काढून टाका. 'पोळ्यानंतरच्या फवारणीला तुम्ही स्वतः हातमोजे घालणार का? ते कोण आणून देणार?' असं विचारा. यातल्या दुसऱ्या प्रश्नावर माणूस गप्प झाला, तर पहिल्याच्या 'हो'वर फार भिस्त ठेवू नका.