मुलाबरोबर कराटेला जावं, की बाकावर बसून बघावं?

तुमचा मुलगा नऊ वर्षांचा, त्याला कराटेला घालताय, आणि सर म्हणाले की पालकांनीही यायला हरकत नाही. तुम्ही चाळिशीतले, व्यायामाची सवय नाही, तर जावं का, असं विचारलंत. जा. मी माझ्या लेकीबरोबर शोतोकान या शैलीचं कराटे शिकते, एकाच हॉलमध्ये, एकाच वेळेला, आणि तो वेळ मला आठवड्यातला सगळ्यात मोलाचा वाटतो. फक्त एक गोष्ट मनाशी पक्की करून जा. हॉलमध्ये पाऊल टाकलं की मुलाला शिकवायचं काम सरांचं.

ऐकायला सोपं आहे, पण अवघड हेच जातं. कराटेत रांग पट्ट्याप्रमाणे लागते, वय कोणी विचारत नाही. लेकीने माझ्या आधी सुरुवात केली, म्हणून ती माझ्या पुढे उभी असते. तिचा मागचा पाय गुडघ्यात वाकलेला मला स्पष्ट दिसतो आणि जीभ शिवशिवते. मी गप्प राहते. सर सांगतात तेव्हा ती लगेच पाय ताणते. तेच मी म्हटलं असतं तर 'दप्तर आवर, दूध पी' यात आणखी एकाची भर पडली असती. मुलं दिवसभर आपल्या सूचना ऐकतच असतात. त्या तासाभरात त्यांनाही मोकळं राहू द्यावं.

घरी मात्र त्याला तुम्हाला शिकवू द्या. हे कराटेत सहज जमतं, कारण सुरुवातीचे धडे मुळात शाळकरी मुलांसाठीच रचलेले आहेत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जपानच्या ओकिनावा बेटावर अंको इतोसू यांनी कराटे शाळांमध्ये नेलं आणि त्यासाठी पाच काता, म्हणजे ठरलेल्या क्रमाने एकट्याने करायच्या हालचालींचे संच, बसवले. 1922 मध्ये तोक्योत कराटेचं प्रात्यक्षिक दाखवणारे गिचिन फुनाकोशी त्यांचेच शिष्य. शोतोकानमध्ये ते पाच काता आज हेइआन या नावाने शिकवतात. पहिला, हेइआन शोदान, 21 हालचालींचा. तो तुमच्या मुलालाही तेवढाच आणि तुम्हालाही तेवढाच. मोठ्यांसाठी वेगळा काही नाही. मुलं क्रम भराभर पाठ करतात, आपण वळताना दिशा चुकतो. मग 'बाबा, आता डावीकडे' असं त्याने सांगावं आणि तुम्ही ते मानावं. मुलाचं ऐकून स्वतःला दुरुस्त करायची संधी एरवी आपल्याला कितीशी मिळते? तुमच्या घरी कोणी 'कराटे शिकून मारामाऱ्या करेल' म्हणत असेल, तर त्यांना एवढं सांगा की या पाचही कातांची पहिली हालचाल बचावाची आहे.

जोडीच्या सरावाला मात्र जपा. सर 'चुदान' म्हणतात तेव्हा ठोसा समोरच्याच्या छाती-पोटाच्या उंचीवर मारायचा असतो. मोठ्या माणसाने स्वतःच्या छातीच्या उंचीवर हात सोडला, तर तो नऊ वर्षांच्या मुलाच्या थेट तोंडावर जातो. म्हणून ठोसे-ब्लॉकच्या सरावाला त्याला त्याच्या उंचीचा जोडीदार द्यावा आणि तुम्हाला तुमच्या, असं सरांना आधीच सांगून ठेवा. मोकळ्या कुमितेत, म्हणजे हालचाली आधी न ठरवता जोडीदाराशी लढायच्या सरावात, तर आई-बापाने मुलासमोर उभंच राहू नये, असं माझं ठाम मत आहे. आपण हात आखडता घेतो, ते त्याला कळतं, आणि दोघांचाही सराव वाया जातो.

त्याऐवजी पॅड धरा. गुडघ्यांवर बसा म्हणजे पॅड त्याच्या छातीसमोर येईल, कोपर अंगाजवळ ठेवा आणि त्याला पूर्ण ताकदीने मारू द्या. आईच्या हातावर जीव तोडून ठोसा मारायची परवानगी मिळाल्यावर माझी लेक पहिल्यांदा ज्या जोराने ओरडली, तो आवाज शाळेत बुजून बसणाऱ्या मुलीचा होता यावर माझा विश्वास बसेना.

क्लास निवडताना एकदा नुसतं बसून बघा. लहान मुलांकडून कौलं-फरश्या फोडून घेतात, मुठींवर जोर काढायला लावतात, असं दिसलं तर दुसरीकडे जा; वाढत्या हाडांना ते चांगलं नाही. तुम्ही स्वतः सुरुवातीला किबा-दाचीत, म्हणजे पाय फाकवून घोड्यावर बसल्यासारखं गुडघे वाकवून उभं राहण्यात, फार खाली बसू नका. गुडघे पायाच्या बोटांच्या दिशेने ठेवा, आत पडू देऊ नका. गुडघ्याचं किंवा रक्तदाबाचं दुखणं असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

बेल्टच्या परीक्षेची फी बहुतेक ठिकाणी वेगळी असते, तीही विचारून घ्या. परीक्षेला दोघांनी एकदमच बसायचा हट्ट नको. तो तयार असेल तर त्याला पुढे जाऊ द्या. आणि दोन वर्षांनी तो म्हणाला की मला आता फुटबॉल खेळायचाय, तर जाऊ द्या. तुम्हाला गोडी लागली असेल तर तुम्ही तुमचा क्लास चालू ठेवा.