तळघरातली ओल आणि दहा वर्षांची गॅरंटी

प्रश्न : माहीमला आमच्या सोसायटीचं पार्किंग तळघरात आहे. पावसाळा संपून दोन महिने झाले, तरी मागच्या भिंतीच्या पायथ्याची ओल हटत नाही. लोणा चढलाय, रंगाचे पोपडे पडताहेत. ठेकेदार आतून वॉटरप्रूफ कोट मारून दहा वर्षांची गॅरंटी देतो म्हणतो. करून घ्यावं का?
– सोसायटीच्या सचिव

उत्तर : ताई, इतक्यात चेक फाडू नका. भिंतीमागे मीटरभर पाणी साठलं, की पायथ्याला दर चौरस मीटरमागे एक टन दाब येतो. आतून मारलेला साधा लेप त्यापुढे फुगतो आणि सुटतो. मग गॅरंटीचा कागद घेऊन ठेकेदाराला शोधत बसा!

आधी पाणी कुठलं ते बघा. मला पहिला संशय भिंतीपलीकडे जमिनीखालची टाकी असेल तर तिचा. रात्री टाकी भरून पंप आणि येणारा व्हॉल्व्ह बंद करा, पातळीवर खूण करा, पहाटे बघा. पातळी उतरली असेल तर टाकी दुरुस्त होईपर्यंत भिंतीला हात लावू नका. टाकी शाबूत निघाली तर झिरपणारं पाणी बाटलीत धरून टीडीएस मीटर, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारं यंत्र, लावा. आपल्या नळाचं पाणी तलावांचं, गोडं. काँक्रीटमधून येताना ते थोडे क्षार घेतंच, पण आकडा हजारांत गेला तर समुद्राकडचं भूजल समजा. माहीमला त्यात नवल नाही. भरतीच्या वेळा बघून ओल वाढते का, तेही टिपा.

ओल पायथ्याशीच का? राफ्ट, म्हणजे तळाचा काँक्रीटचा सलग स्लॅब, आधी ओततात, भिंत नंतर. त्या सांध्यातला वॉटरस्टॉप, म्हणजे पाणी अडवणारी पट्टी, नीट बसला नसेल तर पाण्याला तिथे वाट मिळते. सांध्यालगत भोकं पाडून पीयू ग्राउटचं, म्हणजे भेगा भरणाऱ्या पॉलीयुरेथेनचं, इंजेक्शन द्यावं लागतं, आणि तेही गळती चालू असतानाच, म्हणजे पाणी कुठून येतंय ते दिसतं. नंतर रंग-गिलावा खरवडून थेट काँक्रीटवर क्रिस्टलाइन कोट, म्हणजे काँक्रीटच्या छिद्रांत स्फटिक होऊन ती बुजवणारा लेप. बाहेरून खणून भिंतीला मेम्ब्रेन, म्हणजे पाणी न शिरणारा पडदा, लावणं सगळ्यांत चांगलं, पण मुंबईत तेवढी जागा सोडतंय कोण? गंजलेली सळई दिसली तर मात्र ठेकेदार राहू द्या, आधी स्ट्रक्चरल इंजिनीअरला बोलवा. गंज फुगून काँक्रीट फोडतो.

पावसाळ्याआधी रॅम्पच्या तोंडाशी उंचवटा आणि जाळीचं गटार करून घ्या, संपमध्ये, म्हणजे पाणी गोळा होणाऱ्या खड्ड्यात, दोन पंप ठेवा. पंपाचा स्टार्टर, म्हणजे पंप चालू-बंद करणारी विजेची पेटी, तळघरात नको, वर जिन्याशी बसवा. 26 जुलै 2005ला सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस झाला होता. तसल्या पावसात खाली बसवलेला स्टार्टरच आधी बुडतो, आणि पंप असून नसल्यासारखे.