मूळ अवयव दोन, मग विभाजक चार कसे?

प्रश्न असा आहे: ‘4,29,49,67,297 या संख्येला दोन मूळ अवयव आणि चार विभाजक आहेत, असं वाचलं. अवयव आणि विभाजक एकच ना? आणि मग भाजक कोण?’

भाजकाचं लवकर आटपतं. भागाकारात ज्या संख्येने भागायचं ती भाजक, मग बाकी काहीही उरो. 100ला 7ने भागलं, बाकी 2 उरली, तरी 7 भाजकच. विभाजक व्हायला मात्र भाग निःशेष जावा लागतो. 5 हा 100चा विभाजक, आणि 100 ही 5ची विभाज्य संख्या. (मसावि आणि लसावि यांतला ‘वि’ एका ठिकाणी विभाजक, दुसऱ्या ठिकाणी विभाज्य. ही लघुरूपं ज्याने केली त्याला पोरांची दया आली नसावी.)

अवयव हा शब्द गुणाकाराच्या बाजूने येतो. म्हणून अवयव ‘पाडतात’, विभाजक ‘काढतात’. नुसतं अवयव म्हटलं तर तो विभाजकच असतो, तुमचं बरोबर आहे. फरक पाडतं ते ‘मूळ’ हे विशेषण. मूळ संख्या म्हणजे 1 आणि ती स्वतः एवढेच दोन विभाजक असलेली.

आता तुमची संख्या. ती म्हणजे 2चा 32वा घात अधिक 1. याच ठेवणीच्या, म्हणजे 2चा 1ला, 2रा, 4था, 8वा, 16वा असा दुप्पट होत जाणारा घात अधिक 1, अशा 3, 5, 17, 257 आणि 65,537 या संख्या मूळ निघतात, म्हणून पुढच्याही सगळ्या मूळच असणार, असा फर्मा या गणितज्ञाचा सतराव्या शतकातला कयास होता. 1732 साली ऑयलर या गणितज्ञाने तो मोडला. या संख्येला मूळ विभाजक असलाच, तर त्याला 64ने भागून बाकी 1च उरायला हवी, हे त्याच्या ध्यानात आलं. अशा मूळ संख्या क्रमाने 193, 257, 449, 577, 641. पहिल्या चारांनी भाग जात नाही, पाचवीने जातो:

641 × 67,00,417 = 4,29,49,67,297

67,00,417 हीसुद्धा मूळच, तेव्हा मूळ अवयव दोन. विभाजक मोजताना यांत 1 आणि खुद्द ती संख्या धरायची, की झाले चार. 1 मूळही नाही आणि संयुक्तही नाही, पण विभाजक सगळ्यांचाच.

एवढी अवाढव्य संख्या आणि विभाजक जेमतेम चार! तिच्याहून कितीतरी लहान असलेल्या 10 कोटींना 81 विभाजक आहेत, कारण 10 कोटी म्हणजे 2चा आठवा घात गुणिले 5चा आठवा घात; विभाजकात दोघांचाही घात 0 ते 8 असा नऊ तऱ्हांनी घेता येतो, आणि 9 × 9 = 81. इथे ‘मूळ अवयव किती?’ या प्रश्नाला 2 हेही उत्तर आणि पुनरावृत्तीसह 16 हेही. म्हणून लिहिताना ‘वेगवेगळे मूळ अवयव’ असं स्पष्ट लिहावं. आणि कृपा करून मूळ संख्येला ‘अविभाज्य’ म्हणू नये. तिला 1ने आणि तिने स्वतः भाग जातोच की.