वाचकांचे प्रश्न : देवगिरीच्या किल्ल्यावर कुटुंबासह एक दिवस

हिवाळ्याच्या सुट्टीत मुलांना आणि घरातील ज्येष्ठांना सोबत घेऊन देवगिरीचा, म्हणजेच दौलताबादचा किल्ला पाहण्याचा बेत अनेक वाचकांनी आखलेला दिसतो. त्यांच्या पत्रांतील काही प्रश्नांना येथे उत्तरे देत आहोत.

प्रश्न : आम्ही सहा जण आहोत. आम्ही दोघे, अकरा आणि सात वर्षांची दोन मुले आणि सत्तरी ओलांडलेले सासू-सासरे. छत्रपती संभाजीनगरहून सकाळी निघून देवगिरी, वेरूळची लेणी, घृष्णेश्वराचे दर्शन आणि परतताना बिबी का मकबरा असे सगळे एका दिवसात होईल का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : गाडीच्या हिशेबाने होईल, कारण किल्ला शहरापासून सुमारे पंधरा किलोमीटरवर आहे आणि वेरूळही त्याच रस्त्याने पुढे तेवढ्याच अंतरावर आहे. परंतु असा बेत आखणारी बहुतेक कुटुंबे किल्ल्याला तासभर देतात, चांदमिनारासमोर छायाचित्र काढतात आणि ज्या भागासाठी हा किल्ला खरोखर पाहावा, त्या खंदकापर्यंत न पोहोचताच परत फिरतात. आपण तसे करू नये, अशी मनापासून विनंती आहे. सकाळचे सर्व तास किल्ल्यासाठी राखून ठेवावेत, दुपारी विश्रांती घ्यावी आणि वेरूळ दुसऱ्या दिवशी पाहावे. तो दिवस मंगळवार नसेल, एवढे मात्र पाहावे, कारण मंगळवारी लेणी बंद असतात.

सहा जणांनी एकत्रच राहिले पाहिजे, हा आग्रहही सोडावा. महाकोट या दुसऱ्या तटाच्या दरवाजातून आत गेल्यावर बराच भाग तुलनेने सपाट आहे. तोफा, हत्ती हौद, भारतमाता मंदिर आणि चांदमिनार हे सारे तेथेच असल्यामुळे सासू-सासऱ्यांना दमून न जाता दोन तास आनंदाने घालवता येतील. त्यानंतर त्यांच्यासोबत घरातील एक मोठे माणूस सावलीत थांबावे आणि बाकीच्यांनी वर जावे. भेटण्याची जागा आणि वेळ आधीच ठरवून घ्यावी, कारण कड्याच्या पोटात शिरल्यावर फोन लागेलच असे नाही. माथ्यापर्यंत साडेसातशेच्या आसपास पायऱ्या आहेत. मुलांच्या चालीने जाऊन येण्यास तीन तास धरावेत आणि सात वर्षांचे मूल मध्येच थकले, तर तेथूनच परत फिरण्यात कोणताही कमीपणा मानू नये.

प्रश्न : आमच्या मुलांना माहितीफलक वाचून दाखवले की ती कंटाळतात. सनावळ्या त्यांच्या लक्षात राहत नाहीत. पडक्या भिंतींमध्ये त्यांनी पाहावे तरी काय?
— एक आई, पुणे

उत्तर : मुलांना दरवाजाबाहेरच सांगावे की आज आपण शत्रू आहोत आणि हा किल्ला आपल्याला घ्यायचा आहे. एवढे एक वाक्य पुरते. त्यानंतर प्रत्येक भिंत त्यांना प्रश्न विचारू लागते, आणि हा किल्ला बांधणाऱ्यांनी जसा विचार करून बांधला, त्याच क्रमाने तो मुलांना उलगडत जातो.

पहिला अडथळा आपण गाडीत बसल्या बसल्याच ओलांडलेला असतो, कारण अंबरकोट या सर्वांत बाहेरच्या तटाच्या आतूनच वेरूळचा रस्ता जातो. दुसरा तट महाकोटाचा. त्याच्या दरवाजांवर माणसाच्या डोक्याहून उंच बसवलेले लोखंडी खिळे मुलांना दाखवावेत आणि ते इतक्या उंचीवर कोणासाठी असतील, असे विचारावे. मस्तकाने दरवाजा फोडायला आणलेल्या हत्तीसाठी, हे उत्तर बहुतेक मुले स्वतःच शोधून काढतात. येथील दरवाजे एका सरळ रेषेत नाहीत. एकातून आत शिरले की वळावे लागते, आणि दोन दरवाजांच्या मधल्या चौकात उभे राहून वर पाहिले की चारही बाजूंच्या तटावरून आपल्यावर नेम धरता येईल, हे सांगावेच लागत नाही.

आतला मोकळा भाग म्हणजे एके काळचे नांदते शहर. यादव राजा भिल्लम पाचवा याने बाराव्या शतकाच्या अखेरीस येथे राजधानी वसवली, आणि महंमद तुघलकाने १३२७ मध्ये दिल्लीची राजधानी येथे हलवली तेव्हा या जागेला दौलताबाद हे नाव मिळाले. इतकी माणसे पाणी कोठून पीत होती, हे हत्ती हौदाच्या काठावर उभे राहून विचारावे. या हौदाची प्रत्येक बाजू सुमारे ४७ मीटर असून खोली सहा मीटरहून अधिक आहे. वेढा पडल्यावर पाणी हेच पहिले शस्त्र असते, ही गोष्ट मुलांना येथे जितकी सहज समजते तितकी पुस्तकातून समजत नाही.

पुढे काळाकोट हा तिसरा तट. त्याच्या आत चिनी महाल आहे. त्याच्या भिंतीवर निळ्या फरशांचे थोडेच तुकडे आता उरले आहेत. गोवळकोंड्याचा शेवटचा कुतुबशहा अबुल हसन याला औरंगजेबाने १६८७ मध्ये गोवळकोंडा जिंकल्यानंतर येथे कैदेत ठेवले आणि कैदेतच त्याचा अंत झाला. जवळच्या बुरुजावर मेंढा तोफ आहे. तिच्या मागच्या टोकाला मेंढ्याच्या डोक्याचा आकार दिलेला आहे आणि ती खुंटीवर फिरवता येईल अशी बसवलेली आहे. तोफेच्या पाठीशी उभे राहून ती कोणकोणत्या दिशेला मारा करू शकेल, हे मुलांना हाताने दाखवायला सांगावे. मात्र तोफेवर बसू देऊ नये.

आणि मग खंदक. येथे घाई करू नये. यादवांच्या काळात या सुमारे २०० मीटर उंचीच्या डोंगराचा खालचा भाग चारही बाजूंनी तासून काढला गेला आणि जवळजवळ ५० मीटरांचा सरळसोट कडा तयार झाला. त्याच्या पायथ्याशी असलेला खंदक अखंड खडकातून कोरलेला आहे. वेरूळचे कैलास लेणे ज्या काळ्या कातळातून आठव्या शतकात कोरले गेले, तोच हा कातळ आणि त्याच परिसरातील हा हातोडी-छिन्नीचा वारसा. लेण्यांचे कौतुक सारे जग करते, तर या कड्यासमोरून लोक पाण्याची बाटली उघडत निघून जातात, याचे आम्हाला फार वाईट वाटते. मुलांना कड्याच्या पृष्ठभागाकडे नीट पाहायला सांगावे. पाय रोवायला खाच नाही, हात धरायला कपार नाही, आणि ओलांडायला एकच अरुंद पूल आहे. आता शत्रूने काय करावे? आमच्या मते किल्ल्यावरील दिवसभराच्या फेरीत याहून चांगला प्रश्न नाही, आणि त्याचे उत्तर मुलांनी पुढच्या वळणावर स्वतः चालून पाहावे.

प्रश्न : किल्ल्यातील ‘अंधेरी’विषयी ऐकून माझी धाकटी बहीण घाबरली आहे. तिला दम्याचाही त्रास आहे. आत नेमके काय असते?
— एक वाचक, अमरावती

उत्तर : पूल ओलांडल्यावर बालेकिल्ल्याकडे जाणारी मूळ वाट डोंगराच्या पोटातून कोरलेली आहे. तिलाच अंधेरी म्हणतात. काळोख, वळणे, उंच-सखल पायऱ्या आणि मध्येच फुटणाऱ्या फसव्या वाटा अशी तिची रचना आहे. बाहेरच्या उजेडातून आलेल्या माणसाचे डोळे काळोखाला सरावेपर्यंत आत दबा धरून बसलेल्या सैनिकाने त्याला गाठावे, हा तिच्यामागचा विचार. वरच्या तोंडाशी लोखंडी झाकण टाकून त्यावर निखारे पेटवायचे आणि धूर आत सोडून शत्रूला गुदमरवायचे, अशीही सोय होती. खंदकात मगरी सोडल्या जात, असे वाटाडे हमखास सांगतात. ती गोष्ट ऐकीव म्हणून ऐकावी.

आज तेथे भीतीचे कारण एवढेच की पायऱ्या असमान आहेत, वटवाघळांचा वास उग्र असतो आणि गर्दीच्या दिवशी पुढचे-मागचे लोक मुद्दाम ओरडतात. प्रत्येकाकडे विजेरी असावी, मुलांचा हात धरावा आणि मोठ्यांपैकी एकाने पुढे व एकाने मागे राहावे. आपल्या बहिणीच्या बाबतीत मात्र आमचा सल्ला स्पष्ट आहे. वटवाघळांच्या विष्ठेच्या वासाने आणि कोंदट हवेने दम्याचा त्रास वाढू शकतो, तेव्हा तिने अंधेरीत जाऊ नये. अंधेरी टाळून वर जाण्याची वाट त्या दिवशी खुली आहे का, हे तिकीट घेतानाच विचारून घ्यावे. ती खुली नसेल, तर खंदकाच्या काठापर्यंत येऊनही किल्ल्याचा सर्वांत मोलाचा भाग तिला पाहता येईल.

प्रश्न : किल्ला इतका अभेद्य होता, तर तो पडला कसा? धान्याऐवजी मिठाची पोती निघाल्याची गोष्ट खरी आहे का?
— एक शिक्षक, सोलापूर

उत्तर : अलाउद्दीन खिलजी १२९६ मध्ये देवगिरीवर चालून आला, तेव्हा तो सुलतान झालेला नव्हता. तो उत्तरेतील कडा-माणिकपूर या प्रांताचा सुभेदार होता. राजा रामचंद्रदेव बेसावध होता, युवराज शंकरदेव मुख्य सैन्यासह दूर होता आणि किल्ल्यात वेढ्याची तयारी नव्हती. घाईघाईने आत ओढलेल्या पोत्यांत धान्याऐवजी मीठ निघाले, ही कथा उत्तरकालीन फारसी बखरकाराने नोंदवलेली आहे, त्यामुळे तिचा तपशील जसाच्या तसा धरू नये. मात्र कोठारात दाणा नसल्यामुळे रामचंद्रदेवाला मोठी खंडणी देऊन तह करावा लागला, हे तिचे सार इतिहासाशी जुळते.

पुढेही हेच घडत राहिले. खिलजी, तुघलक, १३४७ नंतर बहामनी, त्यानंतर अहमदनगरची निजामशाही आणि पुढे मोगल असा या किल्ल्याचा ताबा बदलत गेला, परंतु तासलेला कडा चढून कोणी तो घेतला नाही. १६३३ मध्ये महाबतखानाने बाहेरचे तट सुरुंगांनी उडवले आणि आतील अन्नाचा तुटवडा असह्य झाला, तेव्हा मलिक अंबरचा मुलगा फतेखान याने वाटाघाटी करून किल्ला स्वाधीन केला. त्याच्या चार वर्षे आधी, १६२९ मध्ये, याच किल्ल्यात निजामशहाच्या दरबारात जिजाऊंचे वडील लखुजी जाधवराव यांची दगा करून हत्या झाली होती. दरबारातील माणसांवरचा विश्वास उडाला आणि कोठार रिकामे झाले, की कडा काही करू शकत नाही. आपण शिक्षक आहात, तेव्हा विद्यार्थ्यांना लढायांच्या यादीऐवजी हे दोन वेढे शेजारी ठेवून शिकवावेत, असे आम्हाला वाटते.

प्रश्न : माझे वडील वारकरी आहेत. गुडघ्यांमुळे त्यांना चढणे जमणार नाही. जनार्दनस्वामींचे स्थान वर असल्याने ते हळहळत आहेत. त्यांना आणावे की नाही?
— एक वाचक, जालना

उत्तर : अवश्य आणावे. जनार्दनस्वामींचे स्थान माथ्याजवळच्या गुहेत आहे आणि तेथवर जाणे आपल्या वडिलांना झेपणार नाही, हे खरे आहे. परंतु पैठणचे बालवयातील एकनाथ गुरूच्या शोधात आले ते याच किल्ल्यावर, आणि स्वामी निजामशाहीच्या चाकरीत असल्याने त्यांच्या दफ्तराचे कामही नाथ पाहत. हिशेबातील एका पैची चूक रात्रभर जागून शोधल्याची परंपरागत कथा या किल्ल्यावरचीच आहे. आपल्या वडिलांनी ती नातवंडांना हत्ती हौदाच्या पाळीवर बसून सांगावी. ती सांगण्याचा अधिकार माहितीफलकापेक्षा त्यांचाच अधिक आहे. जवळचे भारतमाता मंदिरही त्यांनी सावकाश पाहावे. जुन्या मंदिरांचे खांब वापरून खिलजींच्या काळात, १३१८ मध्ये, येथे मशीद उभारली गेली आणि हैदराबाद मुक्तीनंतर त्याच वास्तूत भारतमातेची मूर्ती बसवण्यात आली. सात शतकांचे हे थर एकाच छताखाली पाहता येतात. मुले वर जाऊन आली की त्यांनी गुहेचे वर्णन आजोबांना सांगावे, हे आधीच ठरवून द्यावे. त्यामुळे मुलेही वर अधिक लक्ष देऊन पाहतात.

प्रश्न : कोणत्या महिन्यात जावे आणि सोबत काय न्यावे?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : नोव्हेंबर ते फेब्रुवारी. उन्हाळ्यात कातळ तापतो आणि माथ्यावरील बारादरीपर्यंत सावली अगदी कमी मिळते. पावसाळ्यात डोंगर सुंदर दिसतो, पण पायऱ्या निसरड्या होतात, त्यामुळे लहान मुले सोबत असताना आम्ही तो टाळण्यास सांगू. प्रत्येकी किमान एक लिटर पाणी, पकड असलेले बूट, टोपी आणि विजेरी एवढे पुरेसे आहे. जेवणाचे डबे गाडीतच ठेवावेत, कारण माकडे पिशव्या ओढतात. पंधरा वर्षांखालील मुलांना तिकीट लागत नाही. भिंतींवर नावे कोरण्याबद्दल दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात, हे मुलांना आत शिरण्यापूर्वीच सांगावे. हंगामाच्या सुरुवातीला गेलात, तर रस्त्याकडेला दौलताबादची सीताफळे मिळतील. ती परतताना घ्यावीत आणि कडक पाहून घ्यावीत, म्हणजे घरी पोहोचेपर्यंत टिकतील.