हक्क कुणाचा, बसलं कोण?

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

पत्र वाचलं. इंग्लंडच्या राजांची यादी पहिल्या विल्यमपासून जॉनपर्यंत घडाघडा येते आणि तिथून पुढे हेन्री, एडवर्ड, रिचर्ड यांची अशी सरमिसळ होते की चौथा हेन्री आधी की चौथा एडवर्ड, हेही परीक्षेत सुचत नाही, असं लिहिलं आहेस. ते मी समजू शकतो. पण शेवटी 'माझी स्मरणशक्तीच कमजोर आहे' असं जे लिहिलंस, ते मला मान्य नाही. आजोळच्या वाड्याची तीन पिढ्यांची भाऊबंदकी तू मला सांगितली होतीस. कोणत्या चुलत्याने कोणती खोली बळकावली, सातबाऱ्यावरून कुणाचं नाव गेलं, कोण कोर्टात गेलं आणि कोण मुकाट्याने पुण्याला निघून गेलं. एकही नाव अडलं नव्हतं. ती यादी तुला कुणी पाठ करायला लावली होती?

तिथे तुला प्रश्न ठाऊक होता. हक्क कुणाचा होता आणि बसलं कोण? इंग्लंडच्या गादीलाही हेच विचार. राजा गेला की थांब, पुढच्या नावाकडे धावू नकोस. हक्क कुणाचा, बसलं कोण? दोन्हींचं उत्तर एकच असेल तर बिनघोर पुढे जा. उत्तरं वेगळी असली तर तिथे मुक्काम कर.

आणि जॉनपर्यंत तरी तुला येतं का? यादी येते. पण पहिल्या हेन्रीनंतर स्टीफन कुठून आला, हे तुला सांगता येणार नाही, कारण तक्त्यात ते नसतं. १०८७ मध्ये पहिला विल्यम वारला तेव्हा त्याने फ्रान्सच्या किनाऱ्यावरची नॉर्मंडी थोरल्या रॉबर्टला दिली आणि इंग्लंड धाकट्या विल्यमला. म्हणजे पहिल्याच पायरीला थोरला बाजूला पडला. २ ऑगस्ट ११०० रोजी हा दुसरा विल्यम न्यू फॉरेस्टमध्ये शिकार करताना बाण लागून मेला. रॉबर्ट तेव्हा धर्मयुद्धावरून परतीच्या वाटेवर होता. सर्वांत धाकटा हेन्री जंगलातून थेट विंचेस्टरला गेला, राजकोष ताब्यात घेतला आणि ५ ऑगस्टला त्याचा राज्याभिषेकसुद्धा झाला. हक्क कुणाचा, बसलं कोण?

त्या हेन्रीला औरस मुलगा एकच, विल्यम. २५ नोव्हेंबर ११२० च्या रात्री तो नॉर्मंडीतल्या बार्फ्लर बंदरातून 'व्हाइट शिप' नावाच्या जहाजाने निघाला. खलाशी प्यायलेले, जहाजावर तरुण सरदारांची गर्दी. किनारा सोडल्यावर थोड्याच वेळात जहाज खडकावर आदळलं आणि बुडालं. वाचला तो एक खाटीक. राजाचा भाचा स्टीफन जहाज सुटण्याआधी खाली उतरला होता. पुढे हेन्रीने सरदारांकडून आपली मुलगी मटिल्डा हिच्या नावाने शपथ घेतली, त्यात स्टीफनही होता. डिसेंबर ११३५ मध्ये हेन्री गेला, मटिल्डा समुद्रापलीकडे होती, आणि महिना संपायच्या आत स्टीफनने मुकुट घातला. पुढची जवळजवळ १९ वर्षं यादवी. शेवटी स्टीफनचा मुलगा वारला, तह झाला आणि ११५४ मध्ये मटिल्डाचा मुलगा दुसरा हेन्री गादीवर आला. आता सांग, स्टीफन विसरशील?

तिसऱ्या हेन्रीनंतर पहिला, दुसरा, तिसरा एडवर्ड ही बापलेकांची सरळ रेघ आहे. मधल्याला १३२७ मध्ये पदच्युत केलं, तरी बसला त्याचाच मुलगा. तिथे वेळ घालवू नकोस. एक मात्र लक्षात ठेव. या पहिल्या एडवर्डच्या आधीही इंग्लंडला एडवर्ड नावाचे राजे झाले होते. आकडे १०६६ नंतरचे, म्हणजे पहिल्या विल्यमपासूनचे मोजतात, म्हणून 'पहिला' या शब्दावर फार भिस्त ठेवू नकोस.

आता थोडं माझ्याबद्दल, कारण त्याशिवाय माझा हट्ट तुला कळणार नाही. स्पर्धा परीक्षांच्या एका क्लासमध्ये मी इतिहास शिकवत असे. चालकांचं म्हणणं होतं, एका पानाचा तक्ता द्या: राजा, घराणं, साल. मुलं पाठ करतील, मार्क मिळतील. मी नाही म्हणालो. व्हाइट शिपवर अर्धा तास बोलणारा मास्तर त्यांना परवडेना, आणि माझे तास दुसऱ्याला गेले. त्याने तक्ता वाटला. मी तक्ता देऊन तिथे टिकलो असतो तर बरोबरीने थोडं खरं शिकवताही आलं असतं, असं मला हितचिंतकांनी सांगितलं. ती समोरची मुलं माझ्या हातून सुटली याची खंत आजही आहे. पण तक्ता दिला असता तर मुलांनी तक्ताच घेतला असता. उरलेलं ऐकायला कुणी थांबलं नसतं. तेव्हा मी बरोबर होतो, आणि तुला यादी पाठवणार नाही, ते याच कारणासाठी.

असो. तुझ्या मूळ अडचणीकडे येतो. चौथा हेन्री की चौथा एडवर्ड? एक कागद आडवा धर आणि तिसऱ्या एडवर्डच्या मुलांची नावं ओळीने लिही: थोरला एडवर्ड, ज्याला ब्लॅक प्रिन्स म्हणतात, मग लायोनेल, मग जॉन ऑफ गाँट, मग एडमंड. पाचवाही होता, सध्या तो नको. ब्लॅक प्रिन्स बापाच्या आधी, १३७६ मध्ये वारला, म्हणून १३७७ मध्ये त्याचा दहा वर्षांचा मुलगा दुसरा रिचर्ड राजा झाला. हक्काने झाला. १३९९ मध्ये त्याला पदच्युत केलं कुणी? जॉन ऑफ गाँटच्या मुलाने. तोच चौथा हेन्री. थांब इथे! रिचर्डला मूल नव्हतं, मग हक्क कुणाकडे जायला हवा होता? लायोनेलच्या मुलीच्या वंशाकडे. तो वंश डावलला गेला. पुढे त्याच वंशातली अ‍ॅन मॉर्टिमर एडमंडच्या मुलाला दिली, आणि लायोनेल व एडमंड या दोन्ही रेघा यॉर्क घराण्यात एकत्र आल्या. १४६१ मध्ये जो चौथा एडवर्ड गादीवर बसला तो अ‍ॅनचा नातू. चौथ्या हेन्रीने जे घेतलं ते चौथ्या एडवर्डने साठ वर्षांनी परत मागितलं. मागणारा घेणाऱ्याच्या आधी येईल कसा? आता पुन्हा म्हणू नकोस की क्रम आठवत नाही.

१४८५ च्या बॉसवर्थच्या लढाईत तिसऱ्या रिचर्डला हरवून आलेल्या सातव्या हेन्रीचा हक्क तर फारच लंगडा होता, आईकडून, गाँटच्या वंशातला. म्हणूनच त्याने चौथ्या एडवर्डची मुलगी एलिझाबेथ हिच्याशी लग्न केलं. आठव्या हेन्रीच्या बायका तुला पाठ आहेत हे मला माहीत आहे. त्याच्या दोन बहिणी मात्र पाठ नाहीत, आणि गादीच्या दृष्टीने त्या जास्त महत्त्वाच्या. धाकटीची नात जेन ग्रे १५५३ मध्ये नऊ दिवस राणी होती. थोरलीचा पणतू स्कॉटलंडचा सहावा जेम्स, तोच १६०३ मध्ये इंग्लंडचा पहिला जेम्स. दोन देश, म्हणून दोन आकडे. एक राजा असला तरी राज्यं १७०७ पर्यंत वेगळी राहिली, आणि ती राणी अ‍ॅनच्या काळात एक झाली. 'ब्रिटिश राजे' हा शब्द काटेकोरपणे वापरायचा तर तिथून वापर.

१६६१ च्या तहाने दुसऱ्या चार्ल्सला पोर्तुगालच्या कॅथरीनबरोबर मुंबई आंदण मिळाली, हे आपल्याकडे पोरासोरांना ठाऊक असतं. पुढचं कुणी सांगत नाही. कॅथरीनचं एकही मूल जगलं नाही. चार्ल्सला बाहेरची मुलं पुष्कळ होती, पण त्यांना हक्क नव्हता, म्हणून १६८५ मध्ये भाऊ दुसरा जेम्स बसला. तो कॅथलिक, देश प्रोटेस्टंट. १६८८ मध्ये त्याला मुलगा झाला, कॅथलिक राजांची रांगच लागणार असं दिसू लागलं, आणि त्याच वर्षी त्याला देश सोडावा लागला. मुलगी मेरी आणि जावई विल्यम बसले, मग दुसरी मुलगी अ‍ॅन. अ‍ॅनचा जगलेला एकुलता मुलगा १७०० मध्ये अकराव्या वर्षी गेला. १७०१ च्या कायद्याने गादी पहिल्या जेम्सची नात सोफिया आणि तिचे प्रोटेस्टंट वारस यांच्याकडे वळवली. रक्ताने जवळचे पन्नासहून अधिक लोक कॅथलिक म्हणून वगळले गेले. सोफिया जून १७१४ मध्ये वारली, अ‍ॅन १ ऑगस्टला. दोन महिन्यांच्या फरकाने सोफियाची राणी व्हायची संधी हुकली आणि तिचा मुलगा पहिला जॉर्ज आला. या वेळी हक्क रक्ताने नाही, संसदेने ठरवला. बाकी सगळं विसरलीस तरी हे विसरू नकोस.

चौथ्या जॉर्जनंतर चौथा विल्यम आणि मग एकदम व्हिक्टोरिया, हे तुला विचित्र वाटतं. तिसऱ्या जॉर्जला १५ मुलं होती, पण १८१७ मध्ये नात शार्लट बाळंतपणात गेली आणि औरस नातवंड एकही उरलं नाही. मग पन्नाशीला आलेल्या राजपुत्रांची लग्नाची घाई सुरू झाली. विल्यमला डोरोथिया जॉर्डन या नटीपासून दहा मुलं होती, त्यातलं एकही वारस नव्हतं, आणि लग्नानंतरच्या मुली तान्हेपणीच गेल्या. त्याच्या पाठचा एडवर्ड, त्याची मुलगी व्हिक्टोरिया, जन्म १८१९. म्हणून १८३७ मध्ये काकानंतर पुतणी.

मुंबईला जाशील तेव्हा गेटवेवरचा लेख वाच. २ डिसेंबर १९११ रोजी पाचवा जॉर्ज आणि राणी मेरी इथे उतरले, असं त्यावर कोरलं आहे. त्याचा थोरला भाऊ अल्बर्ट व्हिक्टर १८९२ मध्ये इन्फ्लुएंझाने गेला नसता तर तिथे जॉर्जचं नाव नसतं. मेरीचं मात्र बहुधा असतं, कारण तिचा साखरपुडा आधी त्या थोरल्याशी झाला होता.

१४८३ मी मुद्दाम सोडला आहे. बारा वर्षांचा पाचवा एडवर्ड, त्याचा काका तिसरा रिचर्ड, आणि एप्रिल ते जुलै एवढे महिने. ते तू लिहून पाठव, गोष्ट सांगितल्यासारखं. काकाने पुतण्याचा हक्क कोणत्या कारणाने नाकारला, ते त्यात यायला हवं. यादी पाठवलीस तर मी वाचणार नाही.

तुझा,
सर